गुठळी आधी की झटका आधी?

१९८८ सालची संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. पहाटे चारच्या सुमारास माझे वडील छातीत कळ येऊन जागे झाले. करमाळा तालुक्यातल्या एका शाळेत ते गणित शिकवत. मी तेव्हा अकरावीत होतो. आईने ओवा चावायला दिला, गरम पाणी दिले. "पित्त असेल, उजाडलं की बरं वाटेल," असे तीही म्हणाली आणि वडीलही म्हणाले. सात वाजता दरदरून घाम सुटला, तेव्हा शेजाऱ्यांनी जीपची सोय केली. सोलापूर गाठेपर्यंत अकरा वाजले. रुग्णालयात ईसीजी काढला, प्राणवायू लावला, वेदनेवर इंजेक्शन दिले आणि अजिबात हलायचे नाही अशी ताकीद दिली. तिसऱ्या दिवशी वडील गेले.

त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. त्या काळी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच उपचार होत असत. मी डॉक्टर नाही. पुढे नोकरी सांभाळून वैद्यकाच्या इतिहासाचा नाद लागला, एका डॉक्टर मित्राच्या मदतीने जुने शोधनिबंध वाचायला शिकलो. त्या वाचनात एक गोष्ट समजली आणि ती मनातून जाईना. हृदयाची रक्तवाहिनी बंद करणारी गुठळी विरघळवणारे औषध वडील गेले त्याच्या ५५ वर्षे आधी सापडले होते. ते माणसाच्या हृदयविकारात वापरून पाहिल्यालाही ३० वर्षे झाली होती. मग मधल्या काळात काय झाले? या लेखात त्याच प्रश्नाचा माग काढला आहे.

शिकागोतील एक निबंध

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना करोनरी धमन्या म्हणतात. त्यातली मोठी धमनी अचानक बंद झाली की माणूस जागच्या जागी मरतो, अशी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत समजूत होती. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ साली एक निबंध प्रसिद्ध करून ती खोडून काढली. त्यांचा मुख्य रुग्ण ५५ वर्षांचा होता. जेवणानंतर तासाभराने त्याच्या छातीत जोराची कळ आली. पोटातच काही बिघडले असे समजून त्याने घशात बोट घालून ओकारी काढली. तो ५२ तास जगला. शवविच्छेदनात डाव्या करोनरी धमनीत रक्ताची गुठळी सापडली. धमनी बंद होऊनही माणूस काही काळ जगू शकतो, कधी बराही होऊ शकतो आणि हे निदान तो जिवंत असताना करता येते, हे हेरिक यांचे म्हणणे होते.

या निबंधाकडे सुरुवातीला कोणी फारसे लक्ष दिले नाही. ईसीजीचे यंत्र दवाखान्यांत आले, त्यावरची चिन्हे या आजाराशी जुळू लागली, तेव्हा कुठे हेरिक यांचे म्हणणे पटू लागले. मात्र निदान झाले म्हणून उपचार सापडला असे नाही. मॉर्फिन, प्राणवायू आणि कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहणे, याच्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हते.

बाल्टिमोरच्या परीक्षानळ्या

औषधाचा शोध लागला तो भलत्याच वाटेने. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. विल्यम टिलेट हे स्ट्रेप्टोकोकस या जंतूंवर काम करत होते. घसा सुजवणारे, जखमा चिघळवणारे हे जंतू. माणसाच्या रक्तद्रवात ते गोळा होऊन तळाशी बसतात, पण रक्त साकळून गेल्यावर उरणाऱ्या निवळीत तसे होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. या दोहोंतला मुख्य फरक फायब्रिनोजेनचा. रक्त साकळताना त्याच्यापासूनच फायब्रिनचे धागे बनतात आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते. तेव्हा जंतू फायब्रिनोजेन चिकटवून घेत असतील, मग ते असताना रक्त साकळायलाच नको, असा टिलेट यांनी तर्क केला.

प्रयोगात तर्क चुकला. जंतू असलेल्या नळीतही रक्तद्रव नेहमीसारखा साकळला. पण काही वेळाने पाहिले, तर साकळलेल्या गोळ्याचे पुन्हा पाणी झालेले! टिलेट आणि त्यांचे सहकारी गार्नर यांनी १९३३ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली. सशाच्या रक्ताची गुठळी मात्र या जंतूंच्या अर्काला दाद देत नव्हती, हेही त्यांनी नोंदवले.

पुढच्या बारा वर्षांत इतर संशोधकांनी यामागचा खुलासा केला. जंतूंतला हा पदार्थ स्वतः गुठळी कापत नाही. आपल्या रक्तात प्लाझमिनोजेन नावाचे एक प्रथिन निष्क्रिय अवस्थेत फिरत असते. जंतूंतला पदार्थ त्याला चिकटून ते जागे करतो. त्यापासून बनलेले प्लाझमिन फायब्रिनचे धागे तोडते. म्हणजे कात्री आपलीच, जंतू फक्त ती म्यानातून बाहेर काढतो. या पदार्थाला स्ट्रेप्टोकायनेज हे नाव पडले.

टिलेट पुढे न्यूयॉर्कला गेले. तिथे सोल शेरी या तरुण सहकाऱ्यासह १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी छातीच्या पोकळीत रक्त किंवा पू साकळलेल्या रुग्णांवर हे औषध वापरले. शिरेतून द्यावे इतके ते अजून शुद्ध नव्हते. दिले की ताप भरायचा, रक्तदाब उतरायचा. शुद्धीकरण सुधारल्यावर सेंट लुईस इथे फ्लेचर, अल्कजार्सिग आणि शेरी यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना ते शिरेतून दिले. तो अनुभव १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्या वर्षी माझे वडील शाळेत जाणारा मुलगा होते.

वाद

इथून पुढची वाट सरळ असायला हवी होती. ती तशी राहिली नाही, याची मला दोन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे गुठळीबद्दलच पडलेली शंका. शवविच्छेदन करणाऱ्या काही नामांकित तज्ज्ञांना झटक्यानंतर लगेच मेलेल्यांच्या धमन्यांत गुठळ्या कमी सापडत आणि काही दिवस जगून मेलेल्यांत जास्त. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आधी स्नायू मरतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि मग गुठळी होते. गुठळी हे कारण नसून परिणाम आहे. हा युक्तिवाद वेडगळ नव्हता. पण त्यात एक खोट होती. मेलेल्या माणसांकडे पाहून जिवंत माणसांच्या पहिल्या चार तासांबद्दल बोलले जात होते. गुठळी हा परिणाम असेल, तर ती विरघळवून काय साधणार? उलट रक्तस्रावाचा धोका मात्र नक्की. साहजिकच बरेच डॉक्टर या औषधापासून दूर राहिले.

दुसरे कारण चाचण्यांच्या पद्धतीत होते. रक्त साकळू न देणाऱ्या औषधांची एक मोठी चाचणी अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयर्व्हिंग राइट यांनी चालवली होती. विषम तारखेला भरती झालेल्यांना औषध आणि सम तारखेला आलेल्यांना नेहमीचे उपचार, अशी वाटणी होती. हजारभर रुग्णांच्या या चाचणीत औषधाची बाजू चांगलीच वरचढ ठरली. पण आजची तारीख सर्वांनाच माहीत असते! औषधाच्या गटात रुग्ण बरेच जास्त भरले, ते निव्वळ योगायोगाने असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कुणालाच कळता कामा नये, नाणेफेकीसारखे ते दैवावर सोडायला हवे, हा धडा वैद्यकाने असा ठेचा खात घेतला.

स्ट्रेप्टोकायनेजच्या चाचण्या १९६० आणि १९७० च्या दशकांत बऱ्याच झाल्या, विशेषतः युरोपात. पण एकीत औषध बारा तासांच्या आत दिले जाई, दुसरीत चोवीस. मात्रा वेगळ्या, रुग्णसंख्या शेकड्यांत. एकीतून फायदा दिसे, दुसरीतून काहीच दिसत नसे. वाचणाऱ्या डॉक्टरने घ्यायचे तरी काय?

स्पोकेनचे छायाचित्र

पहिला वाद १९८० साली मिटला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन या गावी डॉ. मार्कस डीवुड यांनी झटका चालू असतानाच रुग्णांची अँजिओग्राफी केली. अशा रुग्णाच्या धमनीत नळी घालणे हे तोवर भलते धाडस समजले जाई. चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ जणांपैकी ११० जणांची, म्हणजे ८७ टक्क्यांची, धमनी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आले. गुठळी परिणाम असती, तर वेळेबरोबर प्रमाण वाढायला हवे होते. ते घटत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी कित्येकांच्या धमनीतून गुठळी प्रत्यक्ष बाहेरही काढता आली.

त्याच सुमारास मॉस्कोचे येवगेनी चाझोव्ह आणि जर्मनीतल्या गॉटिंगेनचे पीटर रेंट्रॉप यांनी गुठळी विरघळवणारे औषध नळीवाटे थेट करोनरी धमनीत सोडून बंद धमनी उघडताना पाहिली होती. चाझोव्ह यांचा निबंध १९७६ चा, पण रशियन भाषेत. पश्चिमेकडे तो फार थोड्यांनी वाचला.

आज आपल्याला माहीत आहे ते असे. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साठतो. त्यावरचे पातळ आवरण फाटते. रक्ताला ती जखम वाटते आणि जखम बुजवण्याचे आपले काम रक्त इमानाने करते. आधी बिंबिका गोळा होतात, मग फायब्रिनचे धागे. बोट कापल्यावर जी क्रिया जीव वाचवते, तीच इथे जीव घेते.

इटलीतील १७६ विभाग

गुठळी हेच कारण ठरले, तरी औषधाने माणसे वाचतात का हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर द्यायला हजारो रुग्ण हवे होते. इटलीतल्या हृदयतज्ज्ञांची संघटना आणि मिलानची मारिओ नेग्री संस्था यांनी मिळून १७६ हृद्रोग विभाग एकत्र आणले. यात मोठ्या विद्यापीठांबरोबर साध्या जिल्हा रुग्णालयांसारखी रुग्णालयेही होती. औषध थेट धमनीत सोडायचे नव्हते. हाताच्या शिरेतून एका तासात १५ लाख युनिट द्यायचे, बस्स. नळी घालणारा तज्ज्ञ नको, महागडी यंत्रे नकोत.

'जिस्सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत ११,८०६ रुग्ण घेतले गेले. निकाल फेब्रुवारी १९८६ मध्ये आला. एकवीस दिवसांत नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी १३ टक्के रुग्ण दगावले, स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के. पण खरी बातमी वेळेच्या रकान्यात होती. कळ सुरू झाल्यापासून तासाभरात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तीन ते सहा तासांत हा फायदा बराच कमी झाला. सहा तासांनंतर तो खात्रीने दिसेना.

अ‍ॅस्पिरिन आणि राशी

गुठळीची सुरुवात बिंबिका करतात, हे वर आलेच. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलचे एक साधे डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन घातलेला च्युइंगगम देत. जास्त चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो, हे त्यांनी पाहिले. मग ते आपल्या रुग्णांना हृदयविकार टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन देऊ लागले. १९५६ पर्यंत अशा सुमारे ८,००० माणसांची नोंद त्यांनी मांडली आणि एकालाही झटका आला नाही असा दावा केला. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि निबंध लहान नियतकालिकांत छापलेले. कोणी दखल घेतली नाही. क्रेव्हन स्वतः १९५७ साली हृदयविकारानेच गेले.

अ‍ॅस्पिरिन शरीरात काय करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली लंडनमध्ये दाखवले. त्यांना पुढे १९८२ चे नोबेल मिळाले. कार्डिफमध्ये पीटर एलवुड आणि आर्ची कॉक्रेन यांनी १९७४ साली झटक्यातून उठलेल्या १,२३९ पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध केली. फायदा दिसत होता, पण तो योगायोग नाही असे म्हणण्याइतका आकडा मोठा नव्हता.

हा गुंता ऑक्सफर्डच्या गटाने सोडवला. रिचर्ड पीटो, रॉरी कॉलिन्स, पीटर स्लाइट ही त्यातली ठळक नावे. या गटात केरळात जन्मलेले, बंगळूरला वैद्यक शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले डॉ. सलीम युसुफ होते. विखुरलेल्या जुन्या चाचण्या एकत्र मांडल्या तर स्ट्रेप्टोकायनेजची बाजू भक्कम दिसते, हे युसुफ आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले होते. त्यांची 'आयसिस-२' ही चाचणी १६ देशांतल्या ४१७ रुग्णालयांत झाली. रुग्ण १७,१८७. डॉक्टरने ऑक्सफर्डला दूरध्वनी करायचा आणि तिकडून रुग्णाचा गट ठरायचा. काहींना स्ट्रेप्टोकायनेज, काहींना महिनाभर रोज १६२.५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नकली.

ऑगस्ट १९८८ मध्ये निकाल छापून आला. पाच आठवड्यांत दोन्ही नकली औषधे मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के दगावले. दोन्ही खरी मिळालेल्यांपैकी ८ टक्के. एकट्या अ‍ॅस्पिरिनचा फायदा जवळपास एकट्या स्ट्रेप्टोकायनेजइतकाच निघाला, आणि त्याची किंमत काही पैसे.

या निबंधातला एक तपशील आपल्या वाचकांना गंमतशीर वाटेल. रुग्णांचे वय, लिंग, वेळ असे पोटगट पाडून फायदा वेगवेगळा दाखवा, असा आग्रह होत होता. गट जितके जास्त पाडाल तितके योगायोग जास्त दिसतील, हे लेखकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी जन्मतारखांवरून रुग्णांच्या राशीही काढल्या! मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच, बाकी दहा राशींना मात्र भरघोस फायदा, असे 'सिद्ध' झाले. यावर कोणी विश्वास ठेवू नये, हाच ते छापण्यामागचा हेतू होता.

१९७३

आता मला अस्वस्थ करणारा भाग. १९९२ साली अमेरिकेतल्या जोसेफ लाऊ आणि सहकाऱ्यांनी १९५९ ते १९८८ दरम्यानच्या स्ट्रेप्टोकायनेजच्या ३३ चाचण्या काळाच्या क्रमाने एकावर एक रचल्या. प्रत्येक नवी चाचणी आली की आधीच्या बेरजेत ती मिळवायची आणि पाहायचे, आता उत्तर काय? उत्तर १९७३ सालीच स्थिर झाले होते. आठ चाचण्या, २,४३२ रुग्ण. पुढच्या २५ चाचण्यांतल्या ३४,५४२ रुग्णांनी ते फारसे बदलले नाही.

म्हणजे माहिती होती, बेरीज कोणी केली नव्हती. बेरीज करणाऱ्या गणितशिक्षकाच्या मुलाला हे वाचून काय वाटले असेल, ते वेगळे सांगत नाही.

पण वर्षानुवर्षे विचार केल्यावर या रागाला मी थोडी मुरड घातली आहे. १९७३ साली ती बेरीज करण्याची रीतच रुळलेली नव्हती. लहान चाचण्यांच्या बेरजा पुढे मोठ्या चाचण्यांत फसल्याचीही उदाहरणे आहेत. शिवाय औषध निर्धोक नाही. थोड्या रुग्णांत ते मेंदूत रक्तस्राव घडवते. गुठळीवर ज्यांचा विश्वासच नाही, त्यांनी हा धोका का पत्करावा? जिस्सी आणि आयसिस-२ यांनी नुसते उत्तर दिले नाही, ते जगभरच्या डॉक्टरांच्या गळी उतरवले. खंत उरते ती एवढीच की त्यासाठी पंधरा वर्षे गेली.

३६० मिनिटे

पुढे टीपीए हे अधिक प्रभावी, पण कैक पटींनी महाग औषध आले. १९९३ सालच्या ४१ हजार रुग्णांच्या 'गुस्टो' चाचणीत ते स्ट्रेप्टोकायनेजपेक्षा सरस ठरले, शेकडा साधारण एकाने. श्रीमंत देश तिकडे वळले आणि नंतर फुग्याने धमनी उघडण्याकडे. आपल्याकडे स्ट्रेप्टोकायनेज टिकले. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या गटाने ते देशातच तयार करण्याचे तंत्र विकसित केले.

२००१ ते २००५ या काळात भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ केंद्रांतून वीस हजारांवर हृदयरुग्णांची नोंद केली गेली. तो अहवाल २००८ साली आला. तीव्र झटक्याच्या रुग्णांपैकी ५८.५ टक्क्यांना गुठळी विरघळवणारे औषध मिळाले होते आणि त्यात जवळजवळ सगळे स्ट्रेप्टोकायनेजच. रुग्णालयात पोचल्यावर औषध सुरू व्हायला लागलेली मधली वेळ ५० मिनिटे. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेली मधली वेळ ३६० मिनिटे. सहा तास! इटलीत जिथे फायदा विरून गेला होता, नेमक्या त्याच रेषेवर आपला मधला रुग्ण दारात येत होता. गरिबांना हे उपचार कमी मिळत होते आणि महिन्याभरात दगावणाऱ्यांत त्यांचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा जास्त होते, हेही त्याच अहवालात आहे.

वडिलांना पोचायला सात तास लागले होते. त्यातले तीन तास ओवा, गरम पाणी आणि उजाडण्याची वाट पाहण्यात गेले. हेरिक यांच्या रुग्णानेही पोटच धरले होते. घरातल्या फळीवर डोकेदुखीसाठी आणलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या होत्या. त्यांचा असा उपयोग असतो हे तेव्हा आम्हालाच काय, जगालाच पुरते माहीत नव्हते. आयसिस-२ छापून यायला अजून सात महिने होते.

औषध मिळाले असते तर ते वाचले असते का? आकडे सांगतात की दोन्ही औषधे मिळालेल्या शंभरांमागे पाच जास्त वाचतात. ते त्या पाचांत असते की नसते, हे कोणी सांगू शकत नाही. वडिलांनीच आधी हे मला ऐकवले असते.

आईला मी हे सगळे दहाएक वर्षांपूर्वी सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. तेव्हापासून आमच्या वाडीत कुणाच्या छातीत कळ आली की ओवा काढू न देता १०८ नंबरला फोन लावायला सांगण्याचे काम ती करते. अ‍ॅस्पिरिन कुणाला चालेल, कुणाला नाही, ते डॉक्टरलाच विचारा, असेही बजावते. तिने सांगितलेल्यांपैकी दोघांचे दुखणे खरोखर पित्ताचे निघाले. ते तिच्यावर चिडले होते. तिला त्याचे काही वाटत नाही.